माझ्यावरचा विश्वास पुरेसा नव्हता: भावासाठी केलेले पालकत्व, मृत्युपत्र आणि ट्रस्ट

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि तिच्या जोडीला बौद्धिक अक्षमताही आहे. आज तो ४१ वर्षांचा आहे. त्याला माणसे ओळखता येतात, हवे-नको सांगता येते, भिंतीच्या आधाराने घरातल्या घरात चालता येते; पण पैसा, सही, करार या गोष्टींचा अर्थ त्याला लागत नाही आणि पुढेही लागणार नाही. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आई आयुष्यभर त्याच्या मागे घरात. “आमच्यानंतर याचे कसे?” या प्रश्नाला बाबांचे उत्तर वर्षानुवर्षे ठरलेले होते: “सगळं ताईच्या नावावर करून टाकू, ती बघेल.” नात्यातल्या प्रत्येकाला हे उत्तर योग्य वाटत होते. मला ते पटत नव्हते. ते का पटत नाही हे बाबांना समजावून सांगण्यातच या सगळ्या प्रक्रियेचा सर्वांत अवघड भाग गेला. पुढची कचेऱ्यांची कामे त्या मानाने सोपी होती.

काहीच केले नाही तर काय होईल, हे आम्ही वकिलांकडून आधी समजून घेतले. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुषाचा मृत्यू झाला तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना, म्हणजे आई हयात असल्यास तिला, पत्नीला, मुलांना आणि मुलींना सारख्या हिश्श्याने मिळते. आमच्या आजी आता नाहीत, त्यामुळे बाबांच्या पश्चात आई, भाऊ आणि मी असे तीन वारस. आजार किंवा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही, हे त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. ऐकायला हे दिलासादायक वाटते, पण खरी अडचण इथेच सुरू होते. भावाच्या नावावर एक तृतीयांश हिस्सा चढला की तो हिस्सा विकायला, भाड्याने द्यायला किंवा त्यावरचा हक्क सोडायला त्याची समजून-उमजून केलेली संमती लागते आणि ती तो देऊ शकत नाही. उद्या त्याला तळमजल्यावरच्या घराची किंवा निवासी संस्थेची गरज पडली तरी तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट विकता येणार नाही. हिस्सा त्याचाच असतो आणि नेमका त्यालाच त्याचा उपयोग होत नाही.

म्हणूनच लोक “मुलीच्या नावावर करा” म्हणतात. महाराष्ट्रात ते स्वस्तही आहे. राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. काही ठिकाणचा स्थानिक अधिभार वेगळा. बाबांनी बक्षीसपत्राचा मसुदा कोणाकडून तरी आणूनही ठेवला होता. मी त्यांच्यासमोर बसून एकच गोष्ट विचारली: “बाबा, उद्या मीच याच्या आधी गेले तर?” माझ्यामागे माझी मालमत्ता माझ्या नवऱ्याला आणि मुलांना मिळेल आणि त्यांच्यावर माझ्या भावाला सांभाळण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन नसेल. मी कर्जात सापडले, तर धनको या घराकडे माझे घर म्हणूनच पाहतील. आणि मी बदलले तर? माणसे बदलतात, मीही माणूसच आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातले २३ वे कलम, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची सोय करते खरे. पण ती सोय देणाऱ्या ज्येष्ठाच्या सांभाळासाठी आहे. आई-बाबा गेल्यावर भावाच्या बाजूने ते कलम कोण वापरणार?

बाबा दुखावले. “म्हणजे तुझ्यावर आम्ही संशय घ्यायचा का?” असे त्यांनी विचारले. संशय तुम्ही घेऊ नका, तो कागदाला घेऊ द्या, असे मी म्हणाले. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण बक्षीसपत्राचा मसुदा पुन्हा टेबलावर आला नाही. माझे मत तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, ज्या व्यवस्थेत एका चांगल्या माणसावर सगळे अवलंबून असते ती व्यवस्था नव्हे, ती निव्वळ आशा आहे. आम्हाला असे कागद हवे होते की जे वेळ पडल्यास माझ्या विरुद्धही भावाचे रक्षण करतील.

पहिले काम निघाले पालकत्वाचे. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, मग त्या मुलाची समज कितीही वर्षांची असो, ही गोष्ट आमच्यासारख्या कित्येक घरांत माहीतच नसते. आम्हाला ती एका बँकेच्या खिडकीवर कळली होती. भावाचे लहानपणीचे खाते तो सज्ञान झाल्यावर अडकले, कारण त्याची सही हवी होती, आणि “आम्ही त्याचे आई-वडील आहोत” हे उत्तर तिथे चालत नव्हते. खिडकीपलीकडचे गृहस्थ नियमाप्रमाणे बरोबरच होते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे (मतिमंदत्व हा शब्द त्या कायद्यातला आहे, माझा नव्हे). त्याच्या १४ व्या कलमाखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. न्यायालयात जावे लागत नाही, ही मोठीच सोय आहे. मात्र मानसिक आजारासारख्या स्थिती या कायद्यात येत नाहीत आणि त्या कुटुंबांना वेगळा, बहुधा न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. अर्जासोबत भावाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, पालक होणाऱ्याची संमती आणि सख्खी बहीण म्हणून माझे ना-हरकत पत्र असे कागद द्यावे लागले. आई बाबांपेक्षा वयाने लहान आणि भावाचे सगळे तीच पाहते, म्हणून पालक म्हणून तिचेच नाव घातले.

समितीसमोर भावाला घेऊन जायचे होते. मला वाटले होते की प्रश्न आम्हालाच विचारले जातील. पण चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या सदस्यांनी आमच्याकडे न पाहता थेट त्याला विचारले, “तुला जेवायला कोण वाढतं?” त्याने आईकडे बोट दाखवले. “आणि रागावतं कोण?” त्याने पुन्हा आईकडेच बोट दाखवले आणि मग तिच्या पिशवीला हात घातला, कारण पिशवीत बिस्किटे आहेत हे त्याला ठाऊक होते. सदस्य हसले, पण त्यांनी लिहूनही घेतले. पालकत्वाचा निर्णय ज्याच्याबद्दल घ्यायचा, त्याला त्या खोलीत माणूस म्हणून मोजले गेले, हे मला आवडले.

पालकत्व मिळणे म्हणजे अधिकाराइतकीच जबाबदारीही मिळणे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत भावाच्या नावावरच्या सगळ्या मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची यादी समितीला द्यावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत हिशोब सादर करावा लागतो. पालकाने हेळसांड केली किंवा पैशांची अफरातफर केली तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करून त्याला हटवण्याची मागणी करू शकते. म्हणजे मला हवे होते तसे, पालकावर नजर ठेवणारे कोणीतरी इथे होते. एक मर्यादाही समजली: आईनंतर पालक कोण, हे आई मृत्युपत्रात लिहून ठरवू शकत नाही. ती पसंती नोंदवू शकते, नेमणूक मात्र समितीच करते. तेव्हा आईनंतर मला पुन्हा अर्ज करावा लागेल, हे आम्ही गृहीत धरून ठेवले आहे.

यानंतर मालमत्तेकडे वळलो. बाबांचा समज असा होता की, सगळीकडे नॉमिनी म्हणून आईचे नाव आहे, म्हणजे काम झालेले आहे. हा समज घरोघरी आहे. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. त्या पैशांचे मालक मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतात. शेअर्सच्या बाबतीतही तेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. विम्यात थोडे निराळे आहे, कारण २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर ते त्या रकमेचे लाभार्थी ठरतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात, कायदेशीर वारस पुढे येईपर्यंत. एवढे ऐकल्यावर बाबांनी पासबुके, संस्थेचे भागपत्र आणि गावच्या जमिनीचा सातबारा एकत्र मांडला. वकिलांनी प्रत्येक कागदावर एकच गोष्ट तपासली, ती म्हणजे नाव. बाबांचे नाव सगळीकडे सारखे होते. आईचे मात्र भागपत्रावर एक, बँकेत आद्याक्षरांचे दुसरे आणि आधारवर तिसरेच होते, त्यातल्या एकात बाबांचे नाव मधे नव्हतेच. मृत्युपत्रात ही सर्व नावे ‘उर्फ’ लावून लिहावी लागली आणि ती एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्रही करून ठेवले.

याच वेळी कळले की फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे निम्मा आईचा. तिने मृत्युपत्र करावे, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही नव्हते आणि तिच्या तर नव्हतेच. “माझं असं काय आहे?” असे ती म्हणाली. निम्मे घर, पाटल्या, बांगड्या आणि तिच्या नावावरच्या ठेवी असे बरेच काही होते. आणि स्त्रीची मालमत्ता ही तिच्या पूर्ण मालकीची असते, हे १९५६ पासून कायद्यात आहे. नवऱ्याचे मृत्युपत्र झाले म्हणजे घराचे झाले असे मानून बायकोचे राहून जाते, आणि मग तिच्या निम्म्या हिश्श्याची वाटणी कायद्यावर सोडली जाते. आमच्या बाबतीत तसे झाले असते तर बाबांचे सारे नियोजन अर्ध्यावर तुटले असते.

दोघांचे मिळून एकच मृत्युपत्र करावे, अशी बाबांची इच्छा होती. वकिलांनी ती नाकारली, आणि कारण मला पटले: संयुक्त आणि परस्परावलंबी मृत्युपत्रात एकाच्या निधनानंतर दुसऱ्याचे हात बांधले जाऊ शकतात, त्याला परिस्थितीप्रमाणे बदल करता येईल की नाही यावरच वाद होतो. म्हणून दोन स्वतंत्र मृत्युपत्रे झाली, एकमेकांशी जुळणारी. प्रत्येकात दोन वाटा लिहिल्या. जोडीदार हयात असेल तर सगळे त्याला. जोडीदार आधी गेला असेल किंवा दोघे एकाच अपघातात गेले तर फ्लॅट आणि ठेवी भावासाठीच्या ट्रस्टमध्ये (म्हणजे विश्वस्तांनी फक्त भावाच्या हितासाठी सांभाळायच्या मालमत्तेत) जातील, आणि तो ट्रस्ट त्या मृत्युपत्रानेच अस्तित्वात येईल. स्थावर मालमत्तेचा खासगी ट्रस्ट मृत्युपत्राने करता येतो, हे १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यातच आहे, त्यामुळे आज वेगळा ट्रस्ट नोंदवून घर त्यात हस्तांतरित करण्याची गरज उरली नाही. बाबांना हे फार बरे वाटले. जिवंतपणी घर स्वतःच्या नावावरून काढायला ते तयार नव्हतेच. गावची शेतजमीन आम्ही ट्रस्टबाहेर ठेवली. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत आणि ती गुंतागुंत ट्रस्टच्या गळ्यात बांधायची नव्हती. बाबांच्या हिश्श्याची ती जमीन मृत्युपत्राने मला दिली आहे, आणि आई-बाबांकडून मला जे मिळायचे ते तेवढेच आहे.

ट्रस्टच्या अटी ठरवायला सर्वाधिक वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. विश्वस्त तीन: मी, माझा मावसभाऊ आणि भावाच्या कार्यशाळेतल्या एक शिक्षिका, ज्या वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत आणि आमच्या नात्यातल्या नाहीत. एखादी जागा रिकामी झाली तर उरलेल्या दोघांनी ठरावीक मुदतीत नवा विश्वस्त नेमायचा, पण तिघांपैकी एक जण नेहमी कुटुंबाबाहेरचाच हवा. रोजचे निर्णय बहुमताने; फ्लॅट विकायचा झाल्यास मात्र तिघांची लेखी संमती, आणि तीही भावाच्या राहण्याची दुसरी सोय आधी झालेली असेल तरच. खर्च कशावर करता येईल याची यादीही लिहिली. मदतनिसाचा पगार, औषधे, फिजिओथेरपी, निवासी संस्थेचे शुल्क, कपडे हे त्यात होतेच. आईने आग्रह धरून त्यात ‘सहल आणि करमणूक’ घातले. वकिलांनी ते ‘इतर कल्याणकारी खर्च’ असे लिहिले होते. आईने ते खोडून स्वतःचे शब्द पुन्हा घालायला लावले. “इतर म्हटलं की कोणी करत नाही,” असे तिचे म्हणणे होते. मला ते एखाद्या कलमापेक्षा अधिक मुद्द्याचे वाटले.

खरा पेच पुढे होता. भावाच्या निधनानंतर ट्रस्टमध्ये जे उरेल ते कोणाचे? बाबांच्या मसुद्यात सरळ लिहिले होते: माझ्या मुलांचे. वरवर यात काही गैर नव्हते. पण मी विश्वस्त आणि उरलेले सगळे माझ्या मुलांना, याचा अर्थ भावावर जितका कमी खर्च होईल तितका माझ्या घराचा फायदा. मी कितीही सरळ असले तरी स्वस्त मदतनीस की चांगला मदतनीस हे ठरवताना मनाच्या एका कोपऱ्यात तराजू हलणारच, आणि माझ्या मनात तो हलला नाही तरी पुढच्या विश्वस्ताच्या मनात हलेल. विश्वस्ताने ट्रस्टमधून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही असे कायदा सांगतो. पण कमी खर्च करणे हा गुन्हा कसा सिद्ध करणार? आम्ही शेवटी असे ठरवले की उरलेल्यापैकी निम्मे माझ्या मुलांना आणि निम्मे दिव्यांग प्रौढांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला जावे, दरवर्षीचे हिशोब सनदी लेखापालाने तपासावेत आणि ते त्या संस्थेलाही पाठवावेत. संस्थेचाही हितसंबंध त्यात आहेच, हे मला मान्य आहे. पण दोन वेगवेगळ्या हितसंबंधांची एकमेकांवर नजर राहील. माझ्या मुलांना मी हे बसवून सांगितले. थोरल्याने काही तक्रार केली नाही, धाकटीने “मामाचे पैसे मामाचेच ना?” एवढेच विचारले.

मृत्युपत्र करून ते नोंदवण्याचा दिवस त्या मानाने यंत्रवत होता. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात, आणि प्रत्येक साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असावी लागते किंवा ती सही आपलीच असल्याचे करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेले असावे लागते. साक्षीदार निवडताना वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते तो साक्षीदार नको; हिंदूंच्या मृत्युपत्रांना यासंबंधीचे कलम लागू नसले तरी वाद ओढवून कशाला घ्यायचा? दुसरे, साक्षीदार वयाने लहान हवेत, कारण पुढे कोणी हरकत घेतली तर मृत्युपत्र शाबीत करायला किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते. बाबांनी त्यांच्या पिढीतले दोन जिवलग मित्र ठरवले होते. त्यांची समजूत घालून इमारतीतल्या तिशीतल्या दोन शेजाऱ्यांना बोलावले.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्याला मुद्रांक शुल्क नाही, आणि नोंदणीची फीसुद्धा १०० रुपये आहे. दस्त हाताळणीचे पानांमागचे पैसे वेगळे. तरीही नोंदणी करायचे ठरले, कारण भावाच्या वतीने भांडायला उद्या कोणी असेलच असे नाही, तेव्हा कागद शक्य तितका भक्कम हवा. त्याच सकाळी घरच्या डॉक्टरांनी दोघांना तपासून मानसिक स्थिती चांगली असल्याची प्रमाणपत्रे दिली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी बाहेरच्या बाकावरच थांबले. लाभार्थ्यांच्या घरातले कोणी सही होताना खोलीत नको, असे वकिलांचे सांगणे होते. दार उघडेच होते. बाबांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राने घेतला, आईचा घेईना. उभ्या आयुष्याच्या धुण्या-भांड्यांनी तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. कर्मचारी मुलीने ओला रुमाल दिला, अंगठा पुसायला लावला, मग दुसरा अंगठा, मग तर्जनी. अखेर एका बोटावर यंत्र राजी झाले. अधिकाऱ्यांनी दोघांना वेगवेगळे विचारले की यात काय लिहिले आहे ते ठाऊक आहे का आणि कोणाचा दबाव आहे का. आई एवढ्या मोठ्याने “नाही” म्हणाली की ते बाकावर मला ऐकू आले.

नोंदवलेले मृत्युपत्र तीन नंबरच्या पुस्तकात जाते आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणाला मिळत नाही. गावाकडच्या चौकश्या टाळायला ही माहिती बाबांना उपयोगी पडली. आमची मिळकत मुंबईत नसल्यामुळे प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याच्या, तेव्हाच्या सक्तीचा प्रश्नही आला नाही (ती सक्ती २०२५ मध्ये रद्द झाली). नोंदणी झाली म्हणजे आव्हान देता येत नाही असे मात्र नाही, हे वकिलांनी निघताना पुन्हा बजावले.

राहिले बाबांचे निवृत्तिवेतन. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कौटुंबिक निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते, आणि निवृत्तिवेतनधारक आपल्या हयातीतच अशा अपत्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून घेऊ शकतो. बाबांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि पालकत्वाचा आदेश जोडून तसा अर्ज केला. यातली एक अट आमच्या ट्रस्टपर्यंत येऊन पोहोचली: भावाचे इतर उत्पन्न कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या सर्वसाधारण दराच्या आणि त्यावरील महागाई भत्त्याच्या पुढे गेले तर हा हक्क जाऊ शकतो. म्हणून ट्रस्टने दरमहा ठरावीक रक्कम त्याला द्यावी असे न लिहिता, विश्वस्तांनी गरजेप्रमाणे त्याच्यासाठी खर्च करावा असे लिहिले. अशा विवेकाधीन ट्रस्टला एरवी सर्वोच्च दराने प्राप्तिकर लागतो. पण मृत्युपत्राने केलेला आणि करणाऱ्याचा एकमेव असलेला ट्रस्ट त्या नियमाला अपवाद आहे, असे सनदी लेखापालांनी पाहून सांगितले. मृत्युपत्र, कर आणि निवृत्तिवेतन यांसाठी तीन वेगवेगळी माणसे लागतात, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यामधला निरोप्या घरातल्याच कोणाला तरी व्हावे लागते.

कायद्याच्या कागदांसोबत आईची एक वही आहे. तिला कायदेशीर बळ नाही. विश्वस्तांनी निर्णय घेताना ती पाहावी, एवढा उल्लेख मृत्युपत्रात आहे. झटक्यांच्या गोळीची वेळ चुकवायची नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलायची नाही, हे पहिल्या पानावर आहे. लिफ्टचे दार बंद होताना त्याचा हात धरावा लागतो. अनोळखी माणसाने दाढी केलेली त्याला चालत नाही. पोट दुखले की तो पोटाला हात लावत नाही, डावा कान चोळतो. ही शेवटची गोष्ट, मी त्याची सख्खी बहीण असून, मला वहीतून कळली. उद्या नवा मदतनीस कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

मृत्युपत्रांच्या मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या नाहीत, कारण लॉकरधारकाच्या निधनानंतर तो उघडण्यासाठीच कागद लागतात. एक संच वकिलांकडे आहे, एक मावसभावाकडे, जो एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, ही आहे. तिघा विश्वस्तांनी मसुदा वाचून आपली तयारी लेखी दिली आहे. भावाच्या नावाची निरामय आरोग्य विमा योजनेची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. ती तारीख आता माझ्या फोनमध्ये आहे. समितीला द्यायचा वार्षिक हिशोब आई करत असे. यंदा तो मी लिहिला आणि तिने तपासला. औषधांच्या रकमेपुढे तिने पेन्सिलीने फुली मारली, एक पावती कमी होती. ती शोधून जोडली आणि मगच हिशोब जिल्हाधिकारी कार्यालयात गेला.